वहीतले गाव

माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात 42 वह्या आहेत आणि 43वी सध्या टेबलावर उघडी आहे. पहिली वही 1990 सालच्या जून महिन्यातली, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तिची शिवण आता सुटली आहे आणि पानांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. या सर्व वह्यांत कथा आहेत. नेमक्या किती आहेत ते सांगता येणार नाही, कारण एक कथा कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे पुष्कळदा माझे मलाच ठरवता आलेले नाही. इतक्या वर्षांत त्यांतली एकच छापून आली, आणि बाकीच्या छापून याव्यात अशी माझी इच्छा नाही. हे कोणाला सांगितले की ऐकणाऱ्याला माझ्याबद्दल वाईट वाटते. "अहो, पाठवून तर बघा, हल्ली नवीन लोकांचं घेतात," असा धीर दिला जातो, नाहीतर स्वखर्चाने पुस्तक काढून देणाऱ्या एखाद्या मुद्रकाचा पत्ता मिळतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्याच्या दृष्टीने लिहिणे ही छापखान्याकडे जाणारी वाट असते आणि मी त्या वाटेवर मध्येच बसून राहिलेला माणूस ठरतो. वस्तुतः मला जेथे जायचे असते तेथे मी रोज पहाटे पोचतो. ते कसे, हे एकदा नीट मांडावे म्हणून हे टिपण लिहीत आहे, आणि ते मात्र चार लोकांनी वाचावे अशीच माझी इच्छा आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. 1988 साली नोकरीला लागलो, 2021 साली निवृत्त झालो, आणि त्यातली बहुतेक वर्षे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, माण-खटावच्या माळांवर गेली. मी लागलो तेव्हा जुनी माणसे जमीन मोजायच्या शंकू साखळीचे हिशेब तोंडावर सांगत: साखळी 33 फुटांची, तिचे भाग, म्हणजे आणे, 16, 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. पुढे यंत्रे आली आणि आकडे अधिक बिनचूक झाले. परंतु मोजणीला ज्या कारणाने बोलावले जाते ते कारण यंत्राने बदलले नाही. मोजणीचा अर्ज बहुधा भावाने भावाविरुद्ध किंवा शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध केलेला असतो. ठरल्या दिवशी लगतचे कब्जेदार बांधावर येऊन उभे राहतात, कोणी कोणाशी बोलत नाही, बायका लांब बाभळीच्या सावलीला बसलेल्या असतात आणि सगळ्यांचे डोळे आपल्या हातातल्या टेपच्या टोकाकडे लागलेले असतात. खुणा दाखवायच्या, जबाब घ्यायचे, सह्या-अंगठे घ्यायचे, नंतर कचेरीत बसून नकाशा काढायचा आणि अर्जदाराला त्याची 'क' प्रत द्यायची, इतके झाले की सरकारचे काम पूर्ण होते. बांधावर जे पाहिलेले आणि ऐकलेले असते त्यातला फार थोडा भाग त्या नकाशात मावतो. एखाद्या म्हाताऱ्याने हद्द आपल्या विरुद्ध गेल्यावरही मोजणीवाल्यांना ताक पाजण्याचा आग्रह धरलेला असतो, त्याला नकाशात रकाना नाही.

पहिली वही जूनमध्ये सुरू झाली त्याला तेच कारण. पावसाळ्यात शेतात पिके उभी असतात, बाहेरची मोजणी मंदावते आणि कचेरीतले काम वाढते. उन्हाळाभर गावोगाव चावडीत किंवा शाळेच्या खोलीत मुक्काम करून परतलेल्या माझ्या डोक्यात त्या वर्षी इतकी माणसे बोलत होती की झोप लागेना. तेव्हा मी लिहायला बसलो. लेखक व्हायचे असे मनात नव्हते. बोलणाऱ्यांना एकेक करून बसायला जागा द्यावी, इतकीच गरज होती.

ती जागा म्हणून एक गाव तयार झाले. त्या गावाचे नाव मी येथे सांगत नाही. सांगितले की ते वहीतून बाहेर पडेल, म्हणून. परंतु ते कसे आहे ते सांगायला हरकत नाही. त्याच्या उत्तरेला डोंगर, दक्षिणेला बहुतेक वर्षभर कोरडा असणारा ओढा, ओढ्यापलीकडे गायरान आणि गावठाणाच्या पूर्वेला एक पाझर तलाव आहे. धंद्याची सवय असल्यामुळे मी त्याचा गाव नकाशा काढला, शिवा ठरवल्या, गट नंबर दिले, पाणंदी आखल्या. कोणत्या गटात कोणाची विहीर आहे, तिला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते आणि तिच्यात कोणाचा किती हिस्सा आहे हे मला न बघता सांगता येते. गावात एक पिठाची गिरणी आहे आणि ती चालवणारी सरूकाकी आहे. टपाल वाटणारा अनंता आहे, जो दुसऱ्यांची पत्रे वाचून दाखवता दाखवता त्यातली वाईट बातमी गाळण्यात तरबेज झाला आहे. 1990 साली अनंता 24 वर्षांचा होता. आज तो 59 वर्षांचा आहे आणि गावात कोणी पत्र लिहीत नाही. तो माझ्याबरोबर म्हातारा झाला. एखाद्या कथेच्या 12 पानांत हे घडू शकत नाही आणि एखाद्या कादंबरीलाही कधीतरी शेवटच्या पानावर यावेच लागते. वहीला तसे बंधन नाही, आणि स्वतःसाठी लिहिण्याचे पहिले सुख मला यात सापडले. अनंता कोण हे मला कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. मी पेन उघडतो तेव्हा तो सायकलवरून उतरलेलाच असतो.

आता छापून आलेल्या कथेबद्दल. दिवाळी अंकांचे वेड आपल्याकडे घरोघर असते, तसे ते मलाही होते आणि आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक 1909 साली काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि माझ्या घरी फराळाच्या डब्यांइतकीच या अंकांची वाट पाहिली जाते. आपणही एकदा त्यात असावे असे वाटणे स्वाभाविक होते. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे, स्थळप्रत स्वतःजवळ ठेवावी, पुरेसे तिकीट लावलेले पाकीट जोडावे, या सूचना मी मोजणीच्या नियमांसारख्या पाळल्या. तीन कथा साभार परत आल्या. चौथी 1996 च्या दिवाळीत एका अंकात आली. अंकाची एक प्रत आणि दीडशे रुपयांची मनिऑर्डर आली, त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली, आणि तो आनंद खरा होता हे मी नाकारणार नाही.

कथेचे शीर्षक बदललेले होते आणि शेवटची दीड पाने काढून टाकलेली होती. संपादकांना तो अधिकार असतो, पानांचा हिशेब त्यांना सांभाळावा लागतो, आणि त्यांच्या दृष्टीने कथा आधीच संपली असेल. मला त्याचा राग आला नाही. परंतु पुढच्या वर्षासाठी त्यांचे पत्र आले, 'अशीच एक पाठवा, थोडी हलकीफुलकी असावी, बोली छान साधली आहे,' आणि तेव्हापासून माझ्या लिहिण्यात काहीतरी बिघडत गेले. त्या वर्षात मी तीन कथा लिहिल्या. त्या 9 व्या वहीत आहेत आणि मला त्या आज वाचवत नाहीत. त्यांतली माणसे एकमेकांशी बोलतच नाहीत. ती शहरातल्या वाचकाला ऐकू जावे म्हणून बोलतात. बोली साधली आहे असे म्हटल्याबरोबर मी ती जास्तच गडद केली. पाणंद म्हणजे काय, उरूस कसा भरतो, हे कोणीतरी कोणालातरी समजावून सांगत असल्याचे प्रसंग त्यात घुसले. खटाव तालुक्यातला एक शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याला पाणंद म्हणजे काय ते कशाला सांगेल? प्रसिद्धीसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाचे असे होते असे मला म्हणायचे नाही. मोठ्या लेखकांना वाचक आणि कथा दोन्हींकडे एकाच वेळी पाहता येते. मला ते येत नाही. वाचक आला की माझी कथा पाहुणे आल्यावर मुले जशी वागतात तशी वागू लागते.

तरीही मी लिहून पाठवत राहिलो असतो. थांबलो ते निराळ्या कारणाने. छापलेल्या कथेचा धागा मी ज्या घरातून उचलला होता, ते घर एका मोजणीत मी पाहिले होते. नावे बदलली होती, गाव बदलले होते, जमीन जिरायतीची बागायती केली होती, आणि इतके केले म्हणजे पुरे असे मला वाटले होते. त्या घरातली गोष्ट काय होती ते येथेही सांगत नाही. सांगितले तर तीच चूक पुन्हा होईल. अंक निघाल्यानंतर तीन-चार महिन्यांनी त्या घरातला कर्ता माणूस तालुक्याला कचेरीत आला. त्याच्या पुण्याला शिकणाऱ्या मुलाने तो अंक वाचला होता. मी खुर्ची दिली, तो बसला नाही. आवाज न चढवता तो म्हणाला, "साहेब, शेत मोजायला बोलावलं होतं तुम्हाला. घर मोजायला नव्हतं बोलावलं." मी क्षमा मागितली. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. नंतर दोन वेळा त्याच्या गावी काम निघाले तेव्हा मी सहकाऱ्याला पाठवले.

या प्रसंगानंतर वर्षभर मी काहीच लिहिले नाही, आणि माझ्या आयुष्यातले ते वर्ष फार वाईट गेले. जे ऐकले त्याला जागा मिळेना. पुन्हा लिहू लागलो तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे वहीतले वहीतच राहील. दुसरी अधिक कठीण होती: वही कोणी वाचणार नसली तरीही कोणाच्या घरातली गोष्ट जशीच्या तशी उचलायची नाही. पहिल्या निश्चयामुळे दुसऱ्याची गरज उरत नाही असे कोणी म्हणेल, परंतु अनुभव असा की उचललेली गोष्ट लिहिताना मी पुन्हा मोजणीच करतो. जे माहीत आहे त्याची नोंद होते आणि नवीन काही कळत नाही. ऐकलेले विसरून जावे, ते मातीत जिरू द्यावे, आणि मग वहीतल्या गावात जे उगवेल ते पाहावे, हे मला त्या एका वाक्याने शिकवले.

स्वतःच्या सुखासाठी लिहिणे याला आपल्याकडे 'स्वान्तःसुखाय' हा शब्द आहे. तुलसीदासांनी रामकथेच्या आरंभी तो वापरला आणि तेव्हापासून तो आपल्याकडच्या अनेक भाषांत रूढ झाला, परंतु तुलसीदासांचा ग्रंथ घरोघर वाचला जावा अशा बोलीभाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे तो शब्द उच्चारताना मला थोडा संकोच वाटतो. माझ्या मनाला जवळचे उदाहरण जात्यावरच्या बायकांचे आहे. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण सहज म्हणतो, आणि त्या म्हणीत लिहिण्याचे सगळे शास्त्र आहे असे मला वाटते: आधी बसायचे, खुंटा धरायचा, दाणे घालायचे, मग सुचते. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, एकटीने किंवा समोर बसलेल्या जावेबरोबर म्हटलेल्या त्या ओव्यांना टाळ्या वाजवणारे कोणी नव्हते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून आज आपल्याला त्या वाचता-ऐकता येतात. परंतु एक लाख गोळा झाल्या म्हणजे किती हवेत गेल्या असतील याचा विचार केला की छाती दडपते, आणि त्याच वेळी हेही जाणवते की ज्या गेल्या त्यांचे काम त्या पहाटेच झाले होते. दळण सरले, बाईच्या मनावरचा भार थोडा हलका झाला, आणि ती चुलीकडे वळली.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी ती या संदर्भात सांगायला हवी. 1880 साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्या गाणी रचून म्हणत. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर यांनी त्यांतली काही उतरवून ठेवली. डिसेंबर 1951 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली गाणी पुस्तकरूपाने आली. ही गोष्ट सांगताना लोकांचा भर नेहमी शेवटच्या भागावर असतो, की बघा, कसे रत्न दडून राहिले होते आणि शेवटी कसे उजेडात आले. मला तिच्या मधल्या भागाचे आकर्षण आहे. त्या बाईंचे सारे आयुष्य पुस्तकाविना गेले आणि तेवढ्या आयुष्यात त्यांना गाण्याचे काहीच कमी पडले नाही. पुस्तक निघाल्याने आपण श्रीमंत झालो. त्या आधीच होत्या.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, परंतु ते वाचले तेव्हा मला कोणीतरी सोबती मिळाल्यासारखे वाटले. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातल्या हॉवर्थ या गावी ब्राँटे नावाच्या धर्मोपदेशकाची चार मुले होती. 1826 च्या जूनमध्ये वडिलांनी मुलासाठी 12 लाकडी शिपायांचा संच आणला आणि त्या शिपायांना नावे देता देता मुलांनी राज्येच्या राज्ये निर्माण केली. त्या शिपायांना वाचता यावीत म्हणून त्यांनी काडेपेटीएवढी पुस्तके हाताने शिवली आणि छापील अक्षरांसारख्या बारीक अक्षरांत लिहून काढली. पुढे धाकट्या दोघी बहिणींनी, एमिली आणि ॲन यांनी, गोंडाल नावाचे आपले निराळे बेट वसवले. बाकीची मुले मोठी होतात तसा हा खेळ सुटायला हवा होता. तो सुटला नाही. 1845 च्या उन्हाळ्यात, एमिली सत्तावीस वर्षांची होत असताना, या दोघी यॉर्कला फिरायला गेल्या आणि वाटेत गोंडालमधली माणसे होऊन बोलत राहिल्या, असे एमिलीनेच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी शरद ऋतूत थोरली बहीण शार्लट हिच्या हाती एमिलीची कवितांची वही लागली. एमिली इतकी दुखावली की तिची समजूत घालायला काही तास लागले आणि कविता छापण्याला तिचा होकार मिळवायला काही दिवस, असे शार्लटने सांगितले आहे. 1846 साली तिघी बहिणींच्या कविता टोपणनावांनी छापून आल्या. गोंडालच्या खुणा एमिलीने त्यातून पुसून टाकल्या होत्या. पहिल्या वर्षभरात त्या पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या.

वाचक म्हणून मी शार्लटचा ऋणी आहे. तिने ती वही उघडली नसती तर या बहिणींच्या पुढच्या कादंबऱ्यांसकट काहीच कदाचित घडले नसते. परंतु वह्या बाळगणारा माणूस म्हणून मी त्या दिवशीच्या एमिलीच्या बाजूने उभा राहतो. गोंडालच्या गद्य कथा आज उपलब्ध नाहीत. त्या सगळ्या हरवल्या किंवा नष्ट झाल्या. अभ्यासक त्याबद्दल हळहळतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र यॉर्कच्या वाटेवरच्या त्या दोन बहिणी दिसतात, आणि त्यांचे त्या दिवशीचे बोलणे कोणाच्या हळहळण्याने कमी-जास्त होत नाही.

स्वतःपुरते लिहिणे म्हणजे सैल लिहिणे, असाही एक समज आहे. कोणी पाहणार नाही, मग शुद्धलेखन कशाला आणि पुनर्लेखन कशाला, असे लोक विचारतात. माझा अनुभव उलटा आहे. छापायचे होते तेव्हा एक ठराविक तारीख होती आणि तिच्या आत कथा संपवून टाकायची होती. आता तारीख नाही, म्हणून चुकीचा शब्द तसाच ठेवण्याला कसलीही सबब उरलेली नाही. मी वहीच्या उजव्या पानावर लिहितो आणि डावे पान कोरे ठेवतो. त्या डाव्या पानावर कधी चार दिवसांनी, कधी चार वर्षांनी दुरुस्त्या येतात. पान फाडायचे नाही आणि खोडताना खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, हे दोन नियम कचेरीतून आले आहेत. नोंद रद्द करता येते, नाहीशी करता येत नाही. सरूकाकी गिरणीचा पट्टा चढवते त्या एका वाक्यासाठी मी आमच्या पेठेतल्या गिरणीत तीन वेळा नुसता जाऊन उभा राहिलो आहे. ते वाक्य कोणीही वाचणार नाही. परंतु मी वाचणार आहे, आणि पट्टा कसा चढवतात हे मला माहीत नसताना ते माहीत असल्याचे सोंग माझ्यासमोर मला करता येत नाही.

या लेखनात सुख नेमके कशात आहे ते एका कथेवरून सांगतो. ती संपूर्णपणे माझ्या गावातली असल्यामुळे सांगायला संकोच नाही. 1993 साली 5 व्या वहीत मी दोन भावांची कथा लिहिली. थोरला दादू रात्री पहार घेऊन जातो आणि बांधावरचा हद्दीचा दगड धाकट्या मारुतीच्या शेतात हातभर सरकवतो. कथा लोभाची होती आणि मी ती पूर्ण झाली असे समजलो होतो. 2004 साली काहीतरी दुसरेच लिहीत असताना दादूच्या बायकोच्या तोंडून सहज एक वाक्य आले, की सासूबाईंच्या समाधीचे वृंदावन मारुतीच्या वाटणीत गेले. मी थांबलो. दगड कोणत्या ठिकाणी सरकवला होता ते जुन्या वहीत पाहिले, माझ्या नकाशावर पाहिले, आणि वृंदावन त्या हातभर पट्टीला लागूनच होते. अकरा वर्षे मी दादूला लोभी समजत होतो, आणि तो रोज रात्री थोडा थोडा करून आईला आपल्या शेतात आणत होता. हे मी रचले असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मला ते कळले. त्या पहाटे मी अंगणात येऊन बराच वेळ उभा राहिलो.

2016 साली माझी आई गेली. वर्षश्राद्धाच्या आधी मी ती कथा पुन्हा काढली आणि या वेळी ती मारुतीच्या बाजूने लिहिली गेली. त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. रात्री दगडावर पहारीचा आवाज होई तेव्हा तो बाजेवर जागा असे आणि उठत नसे. एकदा दगड पुरेसा सरकला नाही, दादूला खोकल्याची उबळ आली आणि तो घरी गेला, तेव्हा पहाटे मारुतीने स्वतः जाऊन तो दगड आणखी चार बोटे ढकलला. दोघे भाऊ 20 वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. आता एकच गोष्ट कळायची राहिली आहे: त्यांच्या बायका पाणवठ्यावर रोज भेटत होत्या, त्यांच्यात हे बोलणे झाले होते की नाही. 1993 साली ती कथा छापून आली असती तर दादू कायमचा लोभी राहिला असता. छापलेल्या शब्दाला एक स्थैर्य येते आणि वाचकाला ते हवेच असते. माझ्या माणसांना मात्र मी चुकीचे ओळखले असेल तर ते दुरुस्त करून घ्यायला वेळ मिळतो.

या वह्या घरात कुलपात नसतात. सौ. ने इतक्या वर्षांत त्यांना हात लावला नव्हता. तिचा स्वभाव तसा आहे. दोन वर्षांपूर्वी मला मलेरिया होऊन मी आठ दिवस अंथरुणावर होतो तेव्हा तिने विचारून एक वही नेली, मी हो म्हटले. ती 31 वी होती, सरूकाकीचा मुलगा मुंबईहून परत येतो ती. वाचून झाल्यावर तिने काही अभिप्राय दिला नाही. पाच-सहा दिवसांनी भाकरी थापताना तिने एकदम विचारले, "अहो, त्या सरूकाकीनं पोराला गिरणीत घेतलं का हो शेवटी?"

"अजून कळलं नाही," मी म्हणालो.

"तिचा हात दुखतो. एकटीला पट्टा चढवणं होत नाही आता," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

हात दुखतो हे मी कोठेही लिहिलेले नव्हते. रात्री मी 31 वी वही काढून शोधले, नव्हतेच. परंतु 70 वर्षांच्या बाईचा, 40 वर्षे पट्टा ओढलेला उजवा हात दुखणार हे उघड होते आणि मला ते सुचले नव्हते. वाचक आला की माझी कथा बिघडते असे वर म्हटले आहे, त्याला हा एक अपवाद मी कबूल करतो. तिने कथेचे कौतुक केले नाही की तिच्यात चूक काढली नाही. ती सरळ गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिली.

माझ्यामागे या वह्यांचे काय करायचे, असे मुलीने विचारले होते. वाचाव्यात असे वाटले तर वाच, ठेवायला जागा नसेल तर ठेवू नकोस, छापू मात्र नकोस, असे मी तिला सांगितले आहे. ते तिला पटलेले दिसले नाही आणि तिचा शार्लट होण्याचा हक्क मी तरी कसा नाकारणार.

सध्या वहीत वैशाख चालू आहे. विहिरींनी तळ गाठला आहे, वीज दिवसातून चार तास येते आणि ती कधी येईल ते ठाऊक नसल्यामुळे बायका दळणाचे डबे गिरणीत ठेवूनच जातात. काल पहाटे सरूकाकीच्या पोराने प्रथमच, ती आत पाणी प्यायला गेलेली असताना, कोणी न सांगता पट्ट्याला हात घातला. ती दारात येऊन उभी आहे आणि तिच्या हातात तांब्या आहे. ती काय म्हणते ते मला अजून ऐकू आलेले नाही.